ढकलत नेलेल्या गाड्या

1914 साली डेट्रॉइटमध्ये मोटारी धुण्याची ‘ऑटोमेटेड लॉन्ड्री’ उघडली. नाव यंत्राचं, कष्ट हातांचे. माणसं गाडी ढकलत पुढे न्यायची. एक जण साबण लावी, दुसरा धुवी, तिसरा पुसून काढी. जवळच्याच हायलंड पार्कमध्ये फोर्डने आदल्या वर्षी मोटारजुळणीची सरकती साखळी सुरू केली होती. कामाची वाटणी तशीच, फक्त साखळीच्या जागी माणसांचे खांदे!

1951 मध्ये सिॲटलला अँडरसन बंधूंनी हे काम पूर्णपणे यंत्रावर नेलं.

तरी अंगणातली बादली टिकली. ती स्वस्त आहे, पण नळी मोकळी सोडली की पाणी वाया जातं आणि साबण-तेल पावसाळी गटारातून थेट नाल्यात उतरतं. जर्मनीतल्या अनेक गावांत म्हणूनच दारात गाडी धुण्यावर बंदी आहे.

मार्च 2024 मध्ये, टंचाईच्या काळात, बेंगळुरूने पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यांना 5000 रुपये दंड लावला.