दिसतं तसंच लिहायचं

आमच्या आजोबांचा वाढदिवस १ जूनला असतो. तुमच्याही घरात असा एखादा १ जूनवाला असणारच :) वडील पोराला घेऊन शाळेत जायचे, गुरुजी उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगायचे, हात पुरला की पोरगं पात्र! जन्मतारीख? "पोळ्याच्या आदल्या दिवशी झालाय, गुरुजी." मग शाळा सुरू होते त्या महिन्याची पहिली तारीख टाकून गुरुजी मोकळे. आमच्या धंद्यात याला डिफॉल्ट व्हॅल्यू म्हणतात. त्या एका तारखेवर आजोबा नोकरीला लागले आणि रिटायरही झाले. पोळा मात्र कुठल्याच कागदावर नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे माझा सध्याचा वीकेंडचा उद्योग. गेले काही महिने दर शनिवारी सकाळी मी चहा घेऊन बसतो आणि शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या, इंग्लंडमधल्या अनोळखी माणसांची नावं टाईप करतो. तेही फुकट. "ऑफिसात टायपिंग कमी पडतं का रे?" इति आई.

या प्रकल्पाचं नाव फ्रीबीएमडी. बर्थ्स, मॅरेजेस, डेथ्स. १९९८ मध्ये तिघांनी सुरू केला. त्यातला एक बेन लॉरी, म्हणजे अपाचे-एसएसएल लिहिणारा. ते वाचलं आणि म्हटलं, बघूया तरी काय आहे. स्वयंसेवकांनी आजवर २५ कोटींपेक्षा जास्त नोंदी उतरवल्या आहेत. आपले पूर्वज शोधणारा कोणीही त्या पैसे न देता बघू शकतो.

थोडा इतिहास. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. त्याआधी भिस्त मुख्यतः चर्चच्या वह्यांवर. नव्या पद्धतीत गावोगावच्या नोंदींच्या नकला दर तीन महिन्यांनी लंडनला जायच्या आणि तिथले कारकून त्यांच्यावरून आडनावांची याद्यावर याद्या करायचे. यादीत जेमतेम माहिती. नाव, जिल्हा, खंड क्रमांक, पान क्रमांक. आम्ही उतरवतो ती ही यादी. ती वापरून मूळ दाखला मागवायचा.

आता गंमत बघा. लग्नाच्या यादीत नवरा त्याच्या आडनावाखाली आणि बायको तिच्या माहेरच्या आडनावाखाली. कोणाचं कोणाशी लागलं, हे १९१२ पर्यंत यादीत लिहितच नसत. पण दोघांचा जिल्हा, खंड आणि पान एकच! कागदावर याचा फारसा उपयोग नाही, कारण यादी आडनावांच्या क्रमाने. पानावरून माणसं शोधायची तर अख्ख्या तिमाहीची यादी चाळा. पण एकदा सगळं टाईप झालं, की त्या पानावरची मोजकी नावं एका क्लिकवर समोर येतात. साधा जॉइन आहे हो! आणि त्या जॉइनमधून कोणाच्या तरी पणजीचं माहेर सापडू शकतं.

अर्थात, टाईप करणाऱ्याने बरोबर टाईप केलं असेल तर. इथला पहिला नियम म्हणजे दिसतं तसंच लिहायचं. पहिल्याच पानावर मी तो मोडला. एका एलिझाबेथच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी होतं. कारकुनाची डुलकी असणार, असं म्हणून मी ते भरून टाकलं. आमच्या गटाच्या समन्वयक बाईंचं अगदी सौम्य उत्तर आलं. मतितार्थ असा, की पुढे वाचणाऱ्याला तुझा अंदाज कुठला आणि कारकुनाचं अक्षर कुठलं, हे कसं कळणार? वाचून कान लाल झाले. म्हणजे मीही गुरुजींसारखा १ जूनच टाकून मोकळा झालो होतो की!

मग न कळणाऱ्या अक्षरांचं काय करायचं? त्याचीही सोय आहे. एक अक्षर लागत नसेल तर अंडरस्कोर. किती अक्षरं आहेत हेच कळत नसेल तर स्टार. 'एन' की 'यू' अशी शंका असेल तर चौकटी कंसात दोन्ही. रेग्युलर एक्स्प्रेशनशी डोकेफोड केलेल्यांना हे घरच्यासारखं वाटेल. शिवाय तेच पान दुसरा एखादा स्वयंसेवक स्वतंत्रपणे टाईप करतो आणि जिथे फरक पडतो तिथे पुन्हा बघता येतं.

पण सगळं असं मजेत जात नाही. जन्मांच्या यादीत मधूनच एखाद्या आडनावापुढे नावच नसतं. नुसतं 'मेल' किंवा 'फीमेल'. नाव ठेवण्याआधीच नोंद झालेलं बाळ. त्यातली कित्येक नाव ठेवायलाही राहिली नसतील. पहिल्यांदा असं आलं तेव्हा की-बोर्डवरचा हात थांबला. मग 'फीमेल' टाईप केलं आणि पुढच्या ओळीवर गेलो. दुसरं काय करणार?

परवा गावाहून काका आले होते. आमच्या वंशावळीचा कागद त्यांच्याकडे असतो, म्हटलं एक्सेलमध्ये घालू. सात पिढ्यांचे पुरुष ओळीने हजर. बायका जवळजवळ नाहीतच. पणजीचं सासरचं नाव कळलं. पण माहेरचं? आपल्याकडे तर लग्नात आडनावाबरोबर पहिलं नावही बदलायचे.

काका म्हणाले, "टाक की गंगा नाहीतर यमुना. तेव्हा तेवढीच तर नावं होती. कोण बघतंय?"

मी तिथे स्टार टाकला. उद्या कोणाला तिच्या माहेरचा एखादा कागद सापडलाच, तर जागा रिकामी आहे. गंगा लिहिलं असतं, तर पुढे कोणी शोधलंच नसतं.

आजोबांच्या जन्मतारखेचे मात्र आता दोन रकाने आहेत. 'शाळेच्या दाखल्यावर' आणि 'पणजीच्या सांगण्यावरून'. त्यांना दाखवलं तर म्हणाले, "मग पुरणपोळी दोन्ही दिवशी करायला सांग!"

असो. तुमच्याकडच्या १ जूनवाल्यांना या रविवारी खरा दिवस विचारा. आणि सांगतील तसाच लिहून ठेवा.