एकदांडीच्या मलमाची वंशावळ

खरचटलं की एकदांडीचा पाला तळहातावर चुरगळून रस पिळायचा, हे आपल्याकडच्या गावांत पोरं एकमेकांचं बघून शिकतात. कुणी तिला दगडी पाला म्हणतं, कुणी कंबरमोडी, कुणी जखमजोडी. हल्ली तोच पाला तेलात कढवून, मेण घालून घरी मलम करायची टूम निघाली आहे. अशा मलमांना ‘हजारो वर्षांची परंपरा’ सर्रास चिकटवली जाते. ती मात्र खोटी.

कारण एकदांडी मूळची मध्य अमेरिकेतली. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 साली तिची ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स या नावाने नोंद केली, तेव्हा ठिकाण लिहिलं ते मेक्सिकोतलं व्हेराक्रूझ. सुश्रुताने व्रणावर (जखमेवर) साठ उपचार सांगितले, पण त्याने हे पिवळं-पांढरं फूल पाहिलेलं असणं शक्य नाही. मग बाहेरून आलेल्या या तणाचा जखम भरण्याचा गुण हेरला कुणी? माझा तर्क असा, की माका त्याच कुळातला आणि जुन्या ओळखीचा. त्याचा पाला वाटून लावायची सवय असलेल्या कुणीतरी बांधावर हाताला लागली ती एकदांडी चोळली असेल. उंदरांवरच्या प्रयोगांत तिच्या अर्काने जखम लवकर भरून आल्याचं पुढे दिसलं. निरीक्षण पक्कं होतं, फक्त ते चरक-सुश्रुतांच्या नावावर मांडायचं कारण नाही.

पाला तेलात उतरवण्याची रीत मात्र खरोखर आपली जुनी. आयुर्वेदाचार्य शार्ङ्गधराने प्रमाण दिलं आहे: कल्क म्हणजे वाटलेला पाला एक भाग, तेल चौपट, पाणी किंवा काढा तेलाच्या चौपट. तेल सिद्ध झालं हे ओळखायची त्याची खूणही फार हुशारीची आहे. कढईतला कल्क बोटांत वळला तर वात व्हायला हवी, आणि ती विस्तवात टाकली तर तडतड होता कामा नये. तडतड म्हणजे पाणी शिल्लक, आणि पाणी शिल्लक म्हणजे तेल खराब होणार. थर्मामीटर नसलेल्या काळात याहून चांगली परीक्षा काय असणार!

मेणाची गोष्ट वेगळी. तेलात मेण विरघळवून घट्ट लेप करण्याची कृती ग्रीक वैद्य गॅलनच्या नावाने ओळखली जाते. दुसऱ्या शतकातला हा माणूस आपल्या हकिमांचा जालीनूस. युनानी वैद्यक दख्खनच्या सुलतानांच्या दरबारी नांदत होतं. विजापूरच्या फेरिश्त्याने, इतिहासकार म्हणून आपण ओळखतो त्यानेच, भारतीय वैद्यकावर फारसीत ग्रंथ लिहिला. देवाणघेवाण दोन्हीकडून होती. योगरत्नाकर या आयुर्वेदाच्या ग्रंथात मलमं दिसतात ती या संगतीतून, असं आयुर्वेदाचे अभ्यासकच मानतात.

कोकणाने मेणाची वाट पाहिली नाही. कोकमाच्या बियांचं भिरंडेल खोलीतल्या उष्णतेला घट्टच राहतं, त्यामुळे भेगाळलेल्या टाचांना ते तसंच चालतं. पुढे 1872 साली अमेरिकेत चेसब्रोने व्हॅसलिनचं पेटंट घेतलं, 1929 मध्ये कलकत्त्यात बोरोलीन आलं, आणि घरोघरच्या कढया थंडावल्या.

आता कुणाला करायचंच असेल, तर पाला सावलीत खडखडीत वाळवा, मंद आचेवर तेलात उतरवा, गाळा, आणि तेलाच्या पाचव्या हिश्शाइतकं मेण घाला. रस्त्याकडेचा किंवा तणनाशक मारलेल्या जागेचा पाला घेऊ नका. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा, कारण अंगावर पुरळ उठवणारं गाजर गवतही एकदांडीच्याच कुळातलं आणि अमेरिकेतूनच आलेलं आहे. जखम खोल असेल, गंजकं लोखंड किंवा माती लागलेली असेल, तर मलमाची डबी बाजूला ठेवून आधी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.