देवमाशाचे दप्तर

इंदूरला आतेबहिणीकडे गेलो असताना मल्हारगंजातला बडा गणपती पाहण्याचा योग आला. मूर्तीची उंची सुमारे 25 फूट. समोर उभे राहिले की मान आपोआप मागे जाते. बहिणीची नात माझा हात धरून उभी होती. तिने विचारले, "आजोबा, देवमासा याच्याहून मोठा असतो का हो?"

या प्रश्नाला एक पूर्वपीठिका होती. आधीच्या डिसेंबरात ही मंडळी आमच्याकडे बेळगावला आली होती आणि मी त्यांना गोवा दाखवला होता. ग्रांदे बेटाकडे जाणाऱ्या होडीत ही पोर एकटक पाण्याकडे पाहत होती. तिला हम्पबॅक, म्हणजे पाठीवर कुबडासारखा उंचवटा असलेला देवमासा पाहायचा होता. दिसले ते डॉल्फिन. "अगं, देवमासे आपल्या समुद्रात नसतात," असे सांगून मी तिची समजूत काढली. जन्मभर मुलांना पुराव्याचे महत्त्व सांगणाऱ्या माझ्यासारख्या इतिहासाच्या मास्तराने केलेले हे विधान निव्वळ बिनपुराव्याचे होते. घरी येऊन वाचू लागलो, तेव्हा ओशाळलो.

जगातले इतर हम्पबॅक उन्हाळ्यात ध्रुवाकडच्या थंड पाण्यात अन्नासाठी जातात आणि हिवाळ्यात उबदार समुद्रात पिलांना जन्म देतात. अरबी समुद्रातले मात्र बारमाही इथलेच रहिवासी. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासानुसार ते इतर हम्पबॅकांपासून सुमारे 70,000 वर्षे वेगळे राहिले आहेत. ओमानच्या किनाऱ्यावरील गणतीत त्यांची संख्या शंभराच्या आतच भरली.

ते इथलेच आहेत हे कळले कसे, ही हकीकत मोठी विषण्ण करणारी आहे. 1965 आणि 1966 या दोन वर्षांत अंटार्क्टिककडे निघालेल्या सोव्हिएत शिकारी ताफ्यांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारत यांच्यालगतच्या समुद्रात 242 हम्पबॅक मारले. त्यांतले 238 तर 1966 च्या एका नोव्हेंबर महिन्यातले! ही शिकार बेकायदा होती आणि जगापुढे खरे आकडे ठेवले गेले नाहीत. पण ताफ्यावरील शास्त्रज्ञांनी मारलेल्या माद्यांचे गर्भ मोजले होते, पोटांतले अन्न तपासले होते आणि त्याच्या नोंदी जपल्या होत्या. सोव्हिएत संघ कोसळल्यावर, 1993 साली अलेक्सेई याब्लोकोव्ह यांनी शिकारीचे खोटे आकडे उघड केले. 1997 साली युरी मिखालेव्ह यांनी अरबी समुद्रातल्या शिकारीचा तपशील छापला. हे देवमासे इथेच खातात आणि इथेच वितात, याचा भक्कम पुरावा त्या नोंदींत होता.

आम्ही इतिहासवाले दप्तराला फार मानतो. इथे सरकारी दप्तर खोटे बोलले आणि बाजूला ठेवलेल्या वहीने सत्य राखले. ज्यांना स्वतःचे दप्तर नाही, त्यांचा इतिहास मारणाऱ्याच्या वहीत शोधावा लागतो. मग ती माणसे असोत वा मासे.

पुढचे पुरावे सुदैवाने जिवंत देवमाशांनी दिले. 2017 च्या नोव्हेंबरात ओमानजवळ 'लुबान' नावाच्या मादीला उपग्रहाशी जोडलेले यंत्र लावले होते. तिने अरबी समुद्र ओलांडला आणि डिसेंबरात ती गोव्याच्या किनाऱ्यापाशी आली. तिथून दक्षिणेला भारताच्या टोकापर्यंत जाऊन ती पुन्हा ओमानला परतली. त्याच वर्षी ग्रांदे बेटाजवळ पाण्यात सोडलेल्या ध्वनियंत्राने हम्पबॅकचे गाणे टिपले. जिथे आमची होडी फिरली, तेच हे बेट!

हे सारे मी पोरीला तिला समजेल अशा शब्दांत सांगितले. "या मूर्तीच्या दुपटीच्या आसपास असतो तो. आणि मी तुला खोटे सांगितले होते. तो आपल्याच समुद्रात राहतो."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग आपल्याला ऐकू का नाही आलं?"

आमच्या होडीचे इंजिन सारा वेळ धडधडत होते. शिवाय ते गाणे पाण्याखालचे. होडीत बसून ते ऐकू येणे कठीणच. तरी मासेमारीची जाळी आणि वाढती जहाजे यांतून जे शंभरभर उरले असतील, त्यांच्यासाठी एवढे तरी करावे असे वाटते. पुढल्या खेपेस होडीवाल्याला सांगेन, बाबा, दहा मिनिटे इंजिन बंद ठेव.