प्रक्रिया नियंत्रण, औद्योगिक

कारखान्यात चालू असलेल्या प्रक्रियेतील तापमान, दाब, प्रवाह, द्रवाची पातळी, रासायनिक संघटन इ. राशी इष्ट मर्यादेत राखण्याच्या तंत्राला प्रक्रिया नियंत्रण असे म्हणतात. या तंत्रातील मूळ कल्पना यंत्रयुगाहून जुनी आहे. कोल्हापूर भागातील गुऱ्हाळात काहिलीतील रस आटत असता गुळव्या फेस, रंग व चिकटपणा पाहतो, थंड पाण्यात थेंब टाकून त्याची गोळी वळते का हे अजमावतो आणि त्यानुसार चुलाणात चिपाडे घालणाऱ्यास जाळ वाढविण्यास वा कमी करण्यास सांगतो. मापन, इष्ट स्थितीशी तुलना, निर्णय व कृती हे नियंत्रणाचे चारही टप्पे येथे आढळतात. परिणामाची माहिती पुन्हा कारणाकडे नेऊन कारणात बदल करण्याच्या या योजनेस प्रत्याभरण म्हणतात. हे चार टप्पे माणसाकडून एकामागून एक यंत्राकडे कसे गेले, याचा वृत्तांत म्हणजेच प्रक्रिया नियंत्रणाचा इतिहास होय. प्रत्येक टप्प्यावर माणसाचे श्रम कमी झाले. त्याचबरोबर तो प्रत्यक्ष प्रक्रियेपासून अधिकाधिक दूर गेला.

प्रारंभीच्या प्रयुक्ती : इ. स. पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथे टेसिबिअस यांनी जलघटिकेतील पाण्याची पातळी तरंगत्या गोळ्याच्या साहाय्याने कायम राखली. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात डच संशोधक कॉर्नेलिस ड्रेबेल यांनी अंडी उबविण्याच्या भट्टीसाठी तापमान-नियंत्रक तयार केला. त्यात अल्कोहॉल तापून प्रसरण पावले की नळीतील पारा वर सरके आणि त्याला जोडलेली दांडी भट्टीचे हवेचे दार ओढून घेई. १७८८ मध्ये जेम्स वॉट यांनी वाफ एंजिनाला केंद्रोत्सारी वेगनियंता बसविला. तशा प्रकारची रचना त्याआधी पवनचक्क्यांत वापरात होती. एंजिनाचा वेग वाढला की फिरते गोळे बाहेर फेकले जात आणि त्यांच्या हालचालीने वाफेची झडप अंशतः मिटे.

वेगनियंत्यांचा प्रसार झाल्यावर एक अनपेक्षित दोष दिसू लागला. काही एंजिनांचा वेग स्थिर न राहता सारखा कमीजास्त होई. नियंत्रक अधिक संवेदनशील केल्यास हे आंदोलन वाढत असे. १८६८ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी या प्रश्नाचे गणिती विवेचन केले. पुढे १८७७ मध्ये एडवर्ड राउथ व १८९५ मध्ये आडोल्फ हुर्व्हिट्स यांनी स्थैर्याच्या कसोट्या दिल्या. चुकीची दुरुस्ती उशिरा वा प्रमाणाबाहेर झाल्यास ती स्वतःच नवी चूक ठरते, हा या विवेचनाचा आशय होता.

मापनाचे युग : नियंत्रणाआधी भरवशाचे मापन लागते. १८४९ मध्ये फ्रेंच अभियंते यूजीन बूर्दाँ यांनी वक्र नळीच्या दाबमापकाचे एकस्व मिळविले. नळीतील दाब वाढला की ती किंचित सरळ होते व तिच्या टोकाशी जोडलेला काटा फिरतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तपयुग्म व प्लॅटिनमाचा रोध-तापमापक यांमुळे भट्ट्यांची उच्च तापमाने मोजता येऊ लागली. पूर्वी लोहाराप्रमाणे पोलादाच्या रंगावरून होणारा अंदाज आता आकड्यात सांगता येऊ लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी कागदाच्या फिरत्या तबकडीवर लेखणीने नोंद करणारी उपकरणे कारखान्यांत आली. रात्रपाळीत काय घडले हे सकाळी पाहता येऊ लागल्याने कामगाराच्या कामावर प्रथमच कागदी साक्ष उभी राहिली. निर्णय व कृती मात्र बहुधा माणसाच्याच हाती होत्या. तो यंत्रांमधून फिरे, काटे वाचे व हाताने झडपेचे चाक फिरवी.

वायवीय नियंत्रक : खनिज तेल व रासायनिक उद्योगांत अखंड चालणाऱ्या प्रक्रिया वाढल्या तशी ही पद्धत अपुरी पडली. पूर्ण उघड किंवा पूर्ण बंद अशा प्रकारचे साधे नियंत्रण पुष्कळ ठिकाणी चाले, पण त्यात तापमान सतत वरखाली होई. संपीडित हवेवर चालणाऱ्या उपकरणांत एका बारीक छिद्रासमोर पातळ पट्टी असे. पट्टी जराशी हलली तरी हवेचा दाब एकदम बदले. ही रचना संवेदनशील असली, तरी तिचे कार्य समप्रमाणात होत नसे. अमेरिकेतील फॉक्सबरो कंपनीचे क्लेसन मेसन यांनी बाहेर जाणाऱ्या हवेचा दाब भात्यामार्फत पुन्हा पट्टीकडे आणून हा दोष दूर केला. या तत्त्वावरील ‘स्टॅबिलॉग’ हा नियंत्रक १९३१ मध्ये बाजारात आला.

अशा नियंत्रकांत हळूहळू तीन क्रिया एकत्र आल्या. समप्रमाण क्रियेत त्रुटी जितकी मोठी तितकी झडप अधिक हलते. मात्र भार बदलल्यास थोडी त्रुटी कायम शिल्लक राहते. समाकलन क्रिया त्रुटी साचत जाईल तसतशी झडप आणखी सरकविते व शिल्लक त्रुटी नाहीशी करते. अवकलन क्रियेत त्रुटी किती वेगाने बदलते ते पाहून पुढचा अंदाज घेतला जातो. अनुभवी कामगाराच्या हातात या तिन्ही गोष्टी नकळत असतात. निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेले जहाजाच्या सुकाणूचे विश्लेषण सुकाणू धरणाऱ्या खलाशाच्या निरीक्षणावरच आधारलेले होते. १९४२ मध्ये टेलर इन्स्ट्रुमेंट कंपनीतील जॉन झीग्लर व नॅथॅनिएल निकोल्स यांनी नियंत्रकाची जुळणी करण्याचे सोपे नियम दिले. त्यांच्या एका पद्धतीत, प्रक्रिया एकसारखी आंदोलू लागेपर्यंत नियंत्रकाची तीव्रता वाढवावयाची आणि त्या वेळची तीव्रता व आंदोलनाचा काल यांवरून तिन्ही क्रियांची मूल्ये ठरवावयाची, अशी योजना होती. हे नियम आजही अभ्यासक्रमांत शिकविले जातात.

हवेच्या नळीतून संदेश दूरवर नेता येऊ लागल्याने उपकरणे भट्टीजवळून काढून एका दालनात मांडता आली. केंद्रीय नियंत्रण कक्षाचा उदय झाला आणि कामगार व प्रक्रिया यांमध्ये भिंत आली.

इलेक्ट्रॉनीय संदेश : दुसऱ्या महायुद्धानंतर इलेक्ट्रॉनीय उपकरणे प्रचारात आली. हवेच्या संदेशासाठी दर चौ. इंचास ३ ते १५ पौंड हा दाबाचा पल्ला रूढ होता. विद्युत् संदेशासाठी ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाहाचा पल्ला सर्वमान्य झाला. दोन्ही पल्ल्यांची सुरुवात शून्यापासून नाही, ही बाब लक्षणीय आहे. टाकी रिकामी असल्यास तारेतून ४ मिलिअँपिअर प्रवाह येतो. तार तुटल्यास तो शून्य होतो. त्यामुळे रिकामी टाकी आणि मुके झालेले उपकरण यांतील फरक ओळखता येतो. उपकरणाचे मौन हे मापन समजू नये, ही दक्षता मानकातच गोवलेली आहे.

संगणकाचा प्रवेश : १९५९ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात पोर्ट आर्थर येथील टेक्सॅको कंपनीच्या तेल परिष्करण कारखान्यात ‘आरडब्ल्यू-३००’ हा संगणक बहुवारिकीकरण विभागाच्या नियंत्रणासाठी वापरण्यात आला. तो झडपा स्वतः हलवीत नसे. जुन्या नियंत्रकांना इष्ट मूल्ये पुरवीत असे. १९६२ मध्ये इंग्लंडमधील इंपीरिअल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीने फ्लीटवुड येथील सोडा ॲश कारखान्यात पुढचे पाऊल टाकले. तेथे फेरांटी कंपनीचा ‘आर्गस’ संगणक २२४ राशींचे मापन करून १२९ झडपा थेट चालवीत असे. खर्चात बचत झाली, तरी सर्व नियंत्रण एकाच यंत्रात एकवटल्याने त्यातील बिघाड सबंध कारखान्याचा बिघाड ठरण्याची भीती होती.

सूक्ष्मप्रक्रियकामुळे यावर तोड निघाली. १९७५ मध्ये अमेरिकेतील हनिवेल व जपानमधील योकोगावा या कंपन्यांनी विकेंद्रित नियंत्रण प्रणाली बाजारात आणल्या. त्यांत थोड्याथोड्या नियंत्रण-मंडलांचा भार लहान संगणकांवर विभागलेला असून माहिती मात्र एकाच पडद्यावर एकत्र दिसते. दरम्यान १९६८-६९ मध्ये मोटार उद्योगाच्या गरजेतून आज्ञावली बदलता येण्याजोगा तर्क-नियंत्रक (पीएलसी) निर्माण झाला व त्याने रिलेंनी भरलेल्या कपाटांची जागा घेतली. त्याची आज्ञावली शिडीच्या आकाराच्या रिले-आकृतीप्रमाणे लिहीत असल्याने तारतंत्र्यांना ती चटकन समजे, हे त्याच्या यशाचे एक कारण होय. १९७० नंतरच्या दशकात फ्रान्स व अमेरिकेतील तेल-रसायन उद्योगांत प्रक्रियेचे गणिती प्रतिमान वापरून पुढील काळाचा अंदाज घेणारे नियंत्रणही सुरू झाले.

भारत : मुंबईजवळ तुर्भे येथे १९५४-५५ मध्ये सुरू झालेल्या दोन तेल परिष्करण कारखान्यांमुळे अखंड चालणाऱ्या मोठ्या प्रक्रिया महाराष्ट्रात आल्या. देशी उपकरणनिर्मितीसाठी केंद्र शासनाने १९६४ मध्ये राजस्थानातील कोटा येथे इन्स्ट्रुमेंटेशन लिमिटेड ही कंपनी स्थापन केली. तेथील कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. साखर कारखान्यांत जुन्या व नव्या पद्धती दीर्घकाळ शेजारी नांदल्या. बाष्पित्र व बाष्पनपात्रे यांवर स्वयंचलित नियंत्रण आले, तरी पॅनमधील पाकाचा नमुना काचेवर पसरून स्फटिक पाहणाऱ्या पॅनमनच्या नजरेला मान राहिला.

अपघात व त्यांचे धडे : नियंत्रण कक्षातील माणसाला जे दिसते तेच वास्तव असते असे नाही. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब सोडणारी झडप उघडी अडकली. कक्षातील दिवा मात्र ती मिटली असे सुचवीत होता, कारण तो झडपेची स्थिती दाखवीत नसून तिला दिलेली आज्ञा दाखवीत होता. दोन तासांहून अधिक काळ शीतक बाहेर जात राहिले आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेल परिष्करण कारखान्यात हीच चूक वेगळ्या रूपाने घडली. अडकून बंद राहिलेली झडप उघडी असल्याचे नियंत्रण प्रणाली दाखवीत होती. स्फोटापूर्वीच्या शेवटच्या सु. ११ मिनिटांत दोघा चालकांपुढे २७५ धोक्याच्या सूचना येऊन पडल्या. प्रत्येक सूचना देणे स्वस्त झाल्याने खरी सूचना ओळखणे महाग झाले होते.

२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथिल आयसोसायनेटाच्या टाकीत पाणी शिरून विक्रिया अनावर झाली. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा जूनपासून बंद होती आणि वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. उपकरणे वारंवार बिघडत असल्याने त्यांच्या वाचनांवर कामगारांचा विश्वास उरला नव्हता. गळतीची पहिली जाणीव त्यांना डोळ्यांच्या जळजळीने झाली. या दुर्घटनेत हजारो लोक मृत्यू पावले. नियंत्रणाचे तंत्र येथे अज्ञात नव्हते. ते चालू स्थितीत राखण्याची जबाबदारी सोडून देण्यात आली होती.

संगणकांच्या जाळ्यांमुळे नवा धोका उद्‌भवला. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ या घातक आज्ञावलीने इराणमधील नातांझ येथील अपकेंद्रित्रांच्या नियंत्रकांत शिरून त्यांचा वेग बिघडविला आणि चालकांना मात्र सर्व सुरळीत असल्याची वाचने दाखविली. २०१७ मध्ये सौदी अरेबियातील एका खनिज तेल-रसायन कारखान्यात थेट सुरक्षा-नियंत्रकांवरच असा हल्ला झाला.

या अनुभवांवरून सुरक्षेसाठी कारखाना बंद करणारी यंत्रणा नेहमीच्या नियंत्रणापासून स्वतंत्र ठेवणे, झडपेला दिलेली आज्ञा व तिची खरी स्थिती वेगवेगळी दाखविणे आणि धोक्याच्या सूचनांची संख्या माणसाच्या आकलनाच्या मर्यादेत राखणे ही तत्त्वे मान्य झाली आहेत. मापन, तुलना, निर्णय व कृती ही कामे यंत्राने घेतली, तरी मापन खरे आहे की नाही हे ठरविण्याचे पाचवे काम माणसाकडेच राहिले आहे. म्हणूनच पूर्णतः स्वयंचलित कारखान्यांतही नेमून दिलेल्या वेळी कामगार कक्षाबाहेर पडून फेरी मारतो, नळ्यांचा आवाज ऐकतो, वास घेतो आणि पडद्यावरील आकडा जागेवरील काट्याशी ताडून पाहतो.