ओसुमींचा हिशेब कुठे चुकतो?

ज्याचे शोधनिबंध जास्त आणि त्या निबंधांची सायटेशन्स जास्त, तो शास्त्रज्ञ मोठा, हे मत आता निवड समित्यांपासून वर्तमानपत्री बातम्यांपर्यंत सर्वत्र रुजले आहे. त्यावर शंका घेणारा एकतर आळशी ठरतो, नाहीतर मत्सरी. तरीही हे मत चूक आहे. ते चूक असल्याचा सर्वांत बोलका पुरावा पेशीविज्ञानात सापडतो.

आधी प्रतिपक्षाचे म्हणणे नीट ऐकून घेऊ, कारण ते कमकुवत नाही. आकडे वशिला पाहत नाहीत. एका जागेसाठी शेकडो अर्ज आले, तर सगळे निबंध वाचणार कोण? वाचणाऱ्याला त्या शाखेची जाण असेलच, याची तरी हमी कुठे आहे? दुसऱ्या संशोधकाने आपल्या कामात तुमचा आधार घेतला, ही तर जाणकारांनी दिलेली पावतीच झाली. सायटेशनच्या सूचीचे जनक यूजीन गारफिल्ड यांनी दाखवलेही होते की, नोबेल विजेत्यांचे निबंध सर्वसाधारण संशोधकांपेक्षा कितीतरी जास्त वेळा उल्लेखले जातात. एवढे असल्यावर आकड्यांना नावे का ठेवायची?

आता योशिनोरी ओसुमींकडे वळू. २०१६ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना एकट्याला मिळाले. जन्म १९४५चा, स्वतःची प्रयोगशाळा मिळाली १९८८मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, टोकियो विद्यापीठात. पेशी स्वतःचेच भाग पचवते या क्रियेला 'ऑटोफॅजी' हे नाव ख्रिश्चन द दूव्ह यांनी १९६३मध्येच दिले होते. पण ती चालवणारी जनुके कोणती, हे कोणालाच ठाऊक नव्हते आणि फारशी कोणाला त्याची पडलेलीही नव्हती. ओसुमी पाहत होते यीस्टच्या पेशीतली रिक्तिका. तिला तेव्हा पेशीची कचराकुंडी समजत. त्यांची युक्ती साधी होती. रिक्तिकेत पचन घडवणारे विकर ज्यात नाहीत असे यीस्ट घ्यायचे आणि त्याला उपाशी ठेवायचे. पचन बंद असेल, तर आत येणारा माल साचायलाच हवा. तो साचला. काही तासांत रिक्तिका बारीक गोल कणांनी भरली आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ते कण आत थरथरताना, इकडून तिकडे हलताना दिसू लागले. प्रत्येक कणात पेशीद्रव्याचाच एक घास गुंडाळलेला होता. या निरीक्षणाचा निबंध १९९२मध्ये 'जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी'त आला. पुढच्याच वर्षी ओसुमी आणि त्यांची विद्यार्थिनी मिकी त्सुकादा यांनी ही क्रिया बिघडलेले यीस्ट हुडकून तिला लागणारी पंधरा जनुके असल्याचे दाखवले. तो निबंध 'नेचर'मध्ये नाही, 'सेल'मध्ये नाही, तर 'फेब्स लेटर्स' या मध्यम प्रतिष्ठेच्या नियतकालिकात छापून आला.

आज ही सगळी शाखा ज्यावर उभी आहे, तो हा निबंध. प्रचलित मोजपट्टी त्याला काय गुण देते? नियतकालिकाचे वजन ठरवणारा इम्पॅक्ट फॅक्टर मागील दोनच वर्षांतल्या निबंधांचे उल्लेख मोजतो. म्हणजे १९९३च्या निबंधाचा हिशेब १९९५ संपताना बंद झाला. याच जनुकांचे माणसातले आणि सस्तन प्राण्यांतले भाऊबंद सापडू लागले १९९८च्या सुमारास. कर्करोगाशी या क्रियेचा संबंध जोडणारे बेक्लिन-१ या जनुकावरचे काम १९९९चे. संशोधकांची रीघ लागली ती त्यानंतर. खिडकी केव्हाच बंद झाली होती.

यावर उत्तर येईल, 'पण अखेर उल्लेख आलेच ना?' आले, भरपूर आले. पण नेमणूक, बढती आणि अनुदान यांचे निर्णय अखेरीस होतात का? ते त्या दोन-चार वर्षांतच होतात. जो आकडा निर्णयाच्या वेळी मुका असतो आणि नोबेल मिळाल्यावर बोलू लागतो, तो समितीच्या काय कामाचा?

बरे, उशिरा का होईना, आकडा खरे बोलतो का? उलरिख लेम्ली यांचा १९७०चा निबंध पाहा. विषय टी-फोर या जीवाणूभक्षी विषाणूचे डोके कसे बांधले जाते, हा. २०१४मध्ये 'नेचर'ने सर्वाधिक उल्लेखलेल्या निबंधांची यादी काढली, तेव्हा हा दुसरा होता. उल्लेख दोन लाखांहून अधिक. त्यातले बहुतेक विषाणूसाठी नाहीत. प्रथिने जेलवर वेगळी करण्याची जी कृती त्यात आहे, तिच्यासाठी आहेत. याच लेम्लींनी गुणसूत्राच्या रचनेवर जे मूलगामी काम केले, ते उल्लेखांत या कृतीच्या जवळपासही येत नाही. मग मोठे काम कोणते? आकडा म्हणतो, जेल.

ऑटोफॅजीतच आणखी एक मासला आहे. ही क्रिया प्रयोगात कशी मोजावी, याच्या मार्गदर्शक सूचनांची तिसरी आवृत्ती २०१६मध्ये निघाली. लेखक दोन हजारांहून अधिक. सूचना उपयुक्त आहेत, म्हणून उल्लेखही अमाप. आणि प्रत्येक उल्लेख त्या दोन हजारांतल्या प्रत्येकाच्या खात्यावर पुरा जमा होतो. एच-इंडेक्सची तऱ्हा तर निराळीच. ज्याचे दहा निबंध दहा-दहा वेळा उल्लेखले गेले, त्याचा इंडेक्स दहा. ज्याचे दोनच निबंध, पण हजार-हजार वेळा उल्लेखले गेले, त्याचा दोन. न्याय कोणता, वाचकांनीच सांगावे.

राहिला वशिल्याचा मुद्दा. वशिला जातो म्हणता? तो फक्त जागा बदलतो: लेखकांच्या यादीत घुसतो, स्वतःचेच निबंध उल्लेखण्यात घुसतो. आपल्याकडे २०१०मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या बढतीला निबंधांचे गुण जोडले. पुढे काय झाले? २०१८मध्ये पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील संशोधकांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतील, विद्यापीठांनीच सुचवलेली नियतकालिके तपासली. त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट ठरू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. गुण निबंधाला होते, म्हणून निबंध पैदा झाले.

आकडे निरुपयोगी आहेत, असे माझे म्हणणे नाही. एखाद्या शाखेत वर्दळ कुठे आहे, हे ते चांगले दाखवतात. गारफिल्ड यांनी १९५५मध्ये सूचीची कल्पना मांडली, ती मुळात संशोधन-साहित्याचा माग काढण्यासाठी. माणसे तोलायला ती नंतर जुंपली गेली. आणि याविरुद्ध आवाज उठवला तो कोणी? डिसेंबर २०१२मध्ये अमेरिकन सोसायटी फॉर सेल बायॉलॉजीच्या सान फ्रान्सिस्को येथील अधिवेशनात जमलेल्या संपादक-प्रकाशकांनी. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाची किंमत करू नका, हे सांगणारा जाहीरनामा तिथूनच निघाला.

म्हणून निवड समितीवर बसणाऱ्या वाचकांना एकच विनंती. उमेदवाराकडे त्याचे तीन निबंध मागा, ते वाचा, आणि त्यांत नवे काय ते त्यालाच विचारा. वेळ नाही, ही सबब सांगू नका. ओसुमी आणि त्सुकादांचा १९९३चा तो निबंध अवघ्या सहा पानांचा आहे.