स्तंभावर नसलेली नावे

कोरेगावच्या स्तंभापुढे आपण कृतज्ञतेने उभे राहतो, पण ती नेमकी कोणाबद्दल? 1 जानेवारी 1818 च्या लढाईनंतर त्यावर कोरलेल्या नावांत 'नाक' प्रत्ययाची 22 नावे आहेत. त्यांच्या आयाबायकांचे एकही नाही. (कंपनी सरकारकडून तशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे, हे मान्य!)

सरकारची कृतज्ञता तरी किती टिकली? शतक सरता सरता 'लढाऊ जातीं'चा सिद्धांत निघाला आणि महारांना भरती बंद झाली. पूर्वजांच्या सेवेची आठवण देत शिवराम जानबा कांबळे यांना 1910 मध्ये भारतमंत्र्यांकडे अर्ज करावा लागला. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी राहिली. 1921 मध्ये ती मोडलीही.

छावणीतल्या शाळेने मात्र घरात अक्षर आणले. माझ्यासारख्या घरातल्या पहिल्या पदवीधरावर त्या शाळेचे ऋण आहे. ते गोऱ्या साहेबाचे मानण्याचे कारण नाही. त्याची किंमत घराघरांनी मोजली होती. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेचे हेडमास्तर होते. भीमाबाईही फौजी घरातल्याच. त्यांना चौदा अपत्ये झाली, बरीचशी दगावली. चौदावे 1891 मध्ये महूच्या छावणीत जन्मले.