सांगितलेले कोठे जाते?

दिवाळीच्या सुटीआधी सातवीतल्या एका मुलीने मला विचारले, “गुरुजी, आपण लिहून पाठवलेल्या उत्तरांचं काय झालं हो?” गेल्या वर्षी एका सरकारी कचेरीने शाळांकडून लोकशाही मूल्यांविषयी मते मागविली होती. मुलांनी मन लावून अकरा पाने लिहिली. ती गेली ती गेलीच. पोच नाही, की निष्कर्ष नाही. मुलीला काय उत्तर द्यावे ते सुचेना, म्हणून मी तिला एक जुनी हकीकत सांगितली. वाचकहो, तीच येथे सांगतो.

१८८२ साली लॉर्ड रिपन यांनी विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. आयोगाने प्रांतोप्रांती साक्षी घेतल्या. पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी आपले निवेदन सादर केले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, मग तो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर का खर्च व्हावा, असा त्यांचा रोकडा सवाल होता. निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. मास्तराचा पगार दरमहा १२ रुपयांहून कमी नसावा, हेही ते विसरले नाहीत. मी पडलो मास्तर. मला ही मागणी विशेष प्रिय!

आयोगाने सक्ती काही मानली नाही. परंतु १८८४ साली मुंबई इलाख्यातील साक्षींचा ग्रंथ सरकारनेच कलकत्त्यास छापला आणि त्यात जोतीरावांचे निवेदनही आले. पुढे मताधिकाराचा विचार करण्यासाठी साउथबरो समिती आली. तिच्यापुढे २७ जानेवारी १९१९ रोजी तरुण प्राध्यापक भीमराव आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाची बाजू मांडली. तीही साक्ष छापली गेली.

सरकार परके होते, हे खरे. हे ग्रंथ इंग्रजीत होते; ज्या रयतेविषयी जोतीरावांनी लिहिले, तिच्या हाती ते पडणे शक्यच नव्हते. तरीही छापल्यामुळे एक मोठे काम झाले. सरकारने काय ऐकून घेतले ते अहवालात दिसते. लोक काय बोलले ते साक्षींत दिसते. दोन्ही शेजारी ठेवले म्हणजे मधले अंतर कोणालाही मोजता येते. बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीची मागणी १८८२ सालीच झाली होती आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी तो कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला, हा हिशेब आपण आज मांडू शकतो तो त्या छापील पानांच्या जोरावर.

आता राज्य आपले आहे. २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. कायद्याच्या मसुद्यांवर लोकांची मते मागवावीत आणि आलेल्या मतांचा गोषवारा प्रसिद्ध करावा, असे केंद्र सरकारने २०१४ साली ठरविले. पण गोषवारा म्हणजे पुन्हा दुसऱ्याने ऐकलेले. मूळ पाने, नावे झाकून का होईना, आणि लोकांच्या भाषेत, सर्वांना पाहावयास मिळाली पाहिजेत.

हकीकत ऐकून मुलगी म्हणाली, “मग आपण नक्कल का ठेवली नाही?”

मी खरोखरच खजील झालो. सुटीनंतर त्या कचेरीकडे रीतसर अर्ज करावयाचा, असे आम्ही ठरविले आहे. अर्ज मुलेच लिहिणार आहेत. नक्कल शाळेच्या कपाटात राहील.